सातबाऱ्यावर नाव चढवताना रकाना बघा

कापसाच्या पट्ट्यात नवऱ्यामागे शेत सांभाळणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसेल, तर सोसायटीचे पीककर्ज अडते आणि हमीभावाने कापूस विकतानाही दिराच्या तोंडाकडे पाहावे लागते. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात अनेक पुरुषांनी बायकोच्या नावे जमीन केली, पण ती त्यांची स्वखुशी होती. वारसा हा मात्र हक्क आहे आणि तो वेळेत मागावा लागतो.

प्रथम जुना उतारा नीट वाचावा. दिराच्या नावापुढे ‘ए.कु.क.’, म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता, असे लिहिले असेल, तर नवऱ्याचा हिस्सा त्या तीन अक्षरांत दडलेला असतो. जुने फेरफार, म्हणजे उताऱ्यातील नावे बदलल्याच्या नोंदी, काढून आधी तो उघड करून घ्यावा. त्यानंतर मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांचे प्रतिज्ञापत्र जोडून, शक्यतो तीन महिन्यांच्या आत, पटवाऱ्याकडे अर्ज द्यावा व पोच घ्यावी. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विधवा, मुलगे, मुली आणि मृताची आई यांना सारखा वाटा मिळतो, म्हणून सासूचे नाव रागापोटी गाळू नये. आदिवासी कुटुंबांना हा कायदा आपोआप लागू होत नाही, हे गडचिरोलीकडच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

फेरफार घेतल्यावर हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. खरी मेख इथेच आहे. माझ्या पाहण्यातल्या एका उताऱ्यावर अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, मुलगा भोगवटादार, म्हणजे जमिनीचा धारक, होता आणि सगळी डवरणी-वेचणी करणारी आई त्याच्या नावाखाली केवळ ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञानाची पालनकर्ती. मुलगा १८ वर्षांचा झाला की तिचे नाव गळणार. दुसरीकडे बाईला ‘इतर हक्क’ रकान्यात बसवतात, जिथे नाव असून ती धारक ठरत नाही. म्हणून नोंद प्रमाणित होण्यापूर्वी मसुदा वाचून घ्यावा आणि स्वतःचे नाव भोगवटादार रकान्यात, स्वतःच्या हक्काने, मागावे.

‘नाव लावले तर नवऱ्याचे कर्ज अंगावर येईल’ अशी भीती घालून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला जातो. वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, तेव्हा तेराव्याच्या गर्दीत कशावरही सही करू नये. नोंद चुकीची झाल्यास ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते, आणि त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडून बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.