डबल आयपीए चाखायची कशी

डबल आयपीए, म्हणजे ‘इंडिया पेल एल’ या कडू बिअरचा जास्त कडक अवतार, मुळात दोष झाकायला जन्माला आली. १९९४ साली दक्षिण कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युला गावात व्हिनी सिलर्झो यांनी ब्लाइंड पिग नावाची छोटी ब्रुअरी सुरू केली. यंत्रं जुनाट आणि आंबवायला प्लॅस्टिकच्या टाक्या. पहिल्याच घाण्यात नको ती चव उतरली तर काय, म्हणून त्यांनी आयपीएच्या कृतीतले हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) दुप्पट केले आणि माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) तीसेक टक्क्यांनी वाढवलं. हा किस्सा ते स्वतःच सांगतात. पुढे ते रशियन रिव्हर ब्रुअरीत गेले आणि २००० साली हेवर्डच्या ‘द बिस्ट्रो’ या पबमधल्या डबल आयपीए महोत्सवासाठी त्यांनी ‘प्लिनी द एल्डर’ बनवली. आज त्यांच्या बिअरमध्ये झाकण्यासारखं काही नसतं. पण बाजारातल्या बाकीच्या शंभर डबल आयपीएंबद्दल तसं म्हणता येत नाही. एवढे हॉप्स ओतले की कच्ची आंबवण, शिळं माल्ट, जास्तीचं अल्कोहोल, सगळं आत दडपता येतं. म्हणून ही बिअर चाखताना माझं पहिलं काम असतं हॉप्स बाजूला सारून मागे काय आहे ते बघणं.

मी हेवर्डच्या शेजारी फ्रीमाँटला राहते, गॅरेजमध्ये बिअर बनवते आणि घरगुती बिअरच्या स्पर्धांत परीक्षक म्हणून बसते. पुढचं सगळं त्या टेबलावरचं आणि माझ्या ओट्यावरचं आहे.

सुरुवात दुकानातच होते. बाटली किंवा कॅन उलटा करा आणि भरल्याची तारीख शोधा. तारीखच नसेल तर मी ती बिअर घेत नाही, लेबल कितीही देखणं असो. बियाण्याचे पुडे वर्षभर टिकतात, तसा हॉप्सचा वास टिकत नाही. थंडीत ठेवलेली डबल आयपीए साधारण दोन महिने चांगली असते. त्यानंतर आधी वास उतरतो, मग मधासारखा गोडवा वर येतो आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्याची चव लागते. प्लिनीच्या लेबलवर तर ताजी प्या, साठवू नका, असं पुन्हा पुन्हा बजावलेलं असतं. फ्रिजमधली घ्या, उघड्या फळीवरची नको. हिरव्या किंवा पारदर्शक काचेतली तर मुळीच नको. उजेड लागला की हॉप्समधल्या कडू द्रव्यातून एक गंधकी वास सुटतो. कॅलिफोर्नियात रात्री रस्त्यावर स्कंकने फवारा मारल्याचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना तो लगेच कळेल. तपकिरी काच बराच उजेड अडवते, कॅन पूर्ण अडवतो.

एक अपवाद सांगायला हवा. धूसर प्रकारची, भरपूर ड्राय हॉपिंग केलेली (म्हणजे उकळताना नव्हे, तर नंतर थंड बिअरमध्ये हॉप्स घातलेली) बिअर कधीकधी फारच ताजी असते. अशा वेळी घशात हिरवं काहीतरी खरवडतं. दोन आठवडे फ्रिजमध्ये राहू द्या, ते बसतं.

फ्रिजमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. चार अंशांवर नाकाला काही कळत नाही. आठ ते बारा अंश सेल्सियस ठीक. बर्फाळलेला मग हे बिअरचा वास मारायचं हुकमी साधन आहे. ग्लास वर निमुळता होणारा घ्या, ट्यूलिपच्या आकाराचा मिळाला तर उत्तम, नाहीतर वाइनचा चालतो. तो स्वच्छ आहे का हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून आतून ओला करून उपडा करा. पाणी एकसारखं पसरलं तर ठीक. थेंबाथेंबाने तुटलं तर कुठेतरी तेलाचा हात लागलेला आहे. आपल्या घरात हे नेहमीचंच. फोडणीची वाफ कपाटातल्या ग्लासांवरही बसते. आणि कृपा करून त्या संध्याकाळी उदबत्ती लावू नका. चाखण्याच्या आधी तासभर तिखट, लसूण, पान-सुपारी आणि मिंटवाली टूथपेस्ट बंद.

ग्लासात दीडशे मिली पुरे. ओतताना शेवटी थोडी उंची द्या म्हणजे दोन बोटं फेस येईल.

बीजेसीपी या परीक्षकांच्या संस्थेच्या पत्रिकेवर पन्नास गुण असतात: वासाला बारा, दिसण्याला तीन, चवीला वीस, तोंडातल्या स्पर्शाला पाच, एकूण मताला दहा. दिसण्याला तीनच आहेत, तेव्हा त्यावर वेळ घालवू नका. रंग फिकट सोनेरी ते नारिंगी, पांढरा फेस टिकतोय, प्याल्यावर काचेला जाळी चिकटते, झालं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या पद्धतीची असेल तर नितळ हवी. ईशान्य अमेरिकेतल्या व्हरमाँटकडची धूसर असेल तर धूसरपणाचे गुण कापू नका, पण तळाशी हिरवट गाळ तरंगत असेल तर जरूर कापा.

आता वास. ओतल्या ओतल्या लगेच घ्या, कारण सर्वांत उडते गंध पहिल्या मिनिटातच निघून जातात. लांब श्वास नको, दोन-तीनदा थोडं थोडं हुंगा. मग ग्लास गोल फिरवा, वर तळहात ठेवा, हात काढा आणि पुन्हा हुंगा. जे जाणवेल ते लगेच कागदावर उतरवा. ‘फळांसारखा’, ‘छान’ असले शब्द निरुपयोगी. माझा मावसभाऊ सांगलीहून आला होता, तो म्हणाला, “ताई, आंबा येतोय.” मी विचारलं, कुठला? त्याने डोळे मिटले, परत हुंगलं. “आंबा नाही गं. पिकलेला पेरू. आणि मागे टर्पेंटाइन.” अगदी बरोबर पकडलं होतं त्याने. हॉप्सच्या काही नव्या वाणांत पेरू आणि ब्लॅककरंट या आंबट काळ्या फळाच्या जवळ जाणारे गंधकी गंध असतात, आणि जुन्या अमेरिकन हॉप्सचा चीडाच्या डिंकाचा वास आपल्याला टर्पेंटाइनसारखाच लागतो. कॅस्केड हे हॉप्सचं वाण १९७२ साली आलं तेव्हा चकोतऱ्याच्या सालीचा वास अमेरिकन बिअरची ओळख बनला. सिमको, सेंटेनियल, अमारिलो हे प्लिनीतले. सिट्रा आणि मोझॅक त्यानंतरच्या पिढीचे. मोझॅक कधी जांभळाकडे जातो, तर कधी सरळ कांद्याकडे. कांदा-लसूण आला तर तसं लिहा, लाजायचं नाही.

हॉप्सची नोंद झाली की त्यांना सोडून द्या आणि मागचं शोधा. मी ग्लास दोन्ही तळव्यांत धरून तीन-चार मिनिटं गरम करते. लपलेलं याच वेळी बाहेर येतं. पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास आला तर डायअॅसिटिल, आंबवणीत तयार होणारं एक द्रव्य. ड्राय हॉपिंगमध्ये ही भानगड नेहमीची: हॉप्समधली विकरं उरलेल्या पिष्टाचे तुकडे करतात, यीस्ट पुन्हा जागं होतं आणि पुरेसा वेळ न देता बिअर थंड केली की लोणी मागे राहतं. उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे उकळणं कमी पडलंय. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा म्हणजे आंबवण घाईत उरकली. नेलपॉलिश रिमूव्हर आला तर यीस्ट फार गरम तापमानाला चाललंय, आणि आठ टक्क्यांच्या बिअरमध्ये ही चूक बरेच जण करतात.

पहिला घोट मोठा नको, पण तो गिळायचाच. वाइनवाले थुंकतात तसं इथे जमत नाही. या बिअरचा अर्धा हिशोब गिळल्यानंतर सुरू होतो. तोंड मिटून नाकाने श्वास सोडा, म्हणजे टाळूमागून वास परत वर येईल. मग मनात तीस आकडे मोजा आणि कडूपणाचा पाठलाग करा.

प्लिनीच्या ताज्या बाटलीत हे असं होतं. जिभेच्या टोकावर बिस्किटासारखा किंचित गोडवा, तोही फार थोडा, कारण त्या कृतीत अंग हलकं ठेवायला थोडी साधी साखर घातलेली असते. लगेच चकोतऱ्याची साल, मागोमाग चीड. गिळल्यावर कडूपणा जिभेच्या मुळाशी एकदम उभा राहतो, पाच-सहा आकड्यांपर्यंत वाढतो आणि मग सरळ उतरायला लागतो. वीसपर्यंत तोंड कोरडं आणि स्वच्छ. पुढचा घोट हवासा वाटतो. हा उतार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कडूपणा किती, यावर चारचौघांत भांडणं होतात. तो जातो कसा, हे फार कमी लोक बघतात. वाईट डबल आयपीएत तो उतरतच नाही, अॅस्पिरिनची गोळी विरघळल्यासारखा जिभेला चिकटून राहतो.

त्यातच एक वेगळी तपासणी करा. जीभ वरच्या दातांच्या मागून फिरवा. खरखरीत लागलं, हिरड्या आकसल्यासारख्या वाटल्या, तर ते कडू नाही, तुरट आहे. तो अति हॉप्सचा किंवा माल्ट फार गरम पाण्याने धुतल्याचा परिणाम. आपल्याला लहानपणापासून कारलं, मेथी आणि पाडव्याचा कडुलिंब खाऊन कडू आणि तुरट यांतला फरक शिकवावा लागत नाही. परीक्षकांच्या टेबलावर नवख्या अमेरिकनांना मात्र तो समजावून सांगावा लागतो.

आयबीयूच्या, म्हणजे कडूपणा मोजायच्या एककाच्या, आकड्यामागे लागू नका. एक आयबीयू म्हणजे लिटरमागे साधारण एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल (हॉप्समधून येणारं कडू द्रव्य), आणि डबल आयपीएची चौकट साठ ते शंभर. पण नव्वद आयबीयूची भरल्या अंगाची बिअर सत्तरच्या कोरड्या बिअरपेक्षा मवाळ लागू शकते. तेव्हा माल्टकडे बघा. कोरडी असावी, पण पोकळ नसावी. कॅरॅमलची दाट चव आली तर तारीख पुन्हा वाचा: मुळातच तसं माल्ट वापरलंय, की बिअर शिळी व्हायला लागलीय? अल्कोहोल छातीत ऊब देईल तितपत ठीक. घशात जाळलं, तर पाचातले दोन गुण कापा.

धूसर प्रकाराला हीच फूटपट्टी लावू नका. व्हरमाँटच्या वॉटरबरीत जन्मलेल्या अल्केमिस्ट ब्रुअरीची ‘हेडी टॉपर’ही आठ टक्क्यांचीच, पण तिचं अंग मऊ, कडूपणा दबका, वासात फळांचा रस. कॅनवर तर कॅनमधूनच प्या म्हणून लिहिलेलं असतं. मी ऐकत नाही, ग्लासात ओतते. कॅनच्या भोकाला नाक लावून कुणी गुण देऊ शकत नाही.

शिळेपणा ओळखायला शिकायचं असेल तर एकाच तारखेचे दोन कॅन आणा. एक फ्रिजमध्ये, एक दहा दिवस गॅरेजमध्ये. मग घरातल्या कुणाला तरी तीन एकसारखे ग्लास भरायला सांगा: दोनांत एक, तिसऱ्यात दुसरा, क्रम तुम्हाला न सांगता. वेगळा ओळखा. उन्हाळ्यात गॅरेज तापलेलं असेल तर चूक होणं कठीण आहे.

भावाने विचारलं होतं की यात इंडिया कुठून आलं. लंडनच्या पूर्वेकडच्या बो ब्रुअरीतून जॉर्ज हॉजसनची पेल एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून मुंबई-कलकत्त्याला यायची, तिथून ते नाव पडलं. हॉजसनने ती खास प्रवासासाठी शोधून काढली, या लाडक्या कथेला पुरावा नाही. हॉप्सने टिकाऊपणा वाढतो हे लोकांना आधीपासून ठाऊक होतं. पुण्यात २००९ साली डूलाली या ब्रुअरीने ताजी बिअर सुरू केली, आणि आता तिकडेही आयपीए टॅपवर मिळते. भारतातल्या नियमानुसार बिअर आठ टक्क्यांच्या वर जात नाही, त्यामुळे डबल आयपीएचं फक्त खालचं टोक तिथे शक्य आहे. टॅपवाल्याला एकच प्रश्न विचारा: हा केग कधी भरला?

सोबत खायला तांबडा रस्सा नको. तिखटाने कडूपणा आणि अल्कोहोल दोन्ही भडकतात. जुनं चेडर, नाहीतर लोणी लावलेलं थालीपीठ चालतं, मिरची कमी घातलेलं.

प्लिनीच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत चाळीस मिली शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे पाच टक्क्यांच्या ३३० मिली बाटल्या जवळजवळ अडीच. चाखायला बसलो की आम्ही एक बाटली तिघांत वाटतो आणि गाडीच्या किल्ल्या आधीच जमा करतो. सगळ्यांत कमी कडू आधी, सगळ्यांत जड शेवटी, मध्ये साधं पाणी आणि बिनमिठाचं बिस्किट. चौथ्या ग्लासानंतर जीभ बधिर होते, तिथून पुढच्या नोंदी मी गुणांत धरत नाही.