पाणकिल्ल्यांची सहल: आधी तिथी पाहा, मग सुट्टी टाका

कोकणातले पाणकिल्ले पाहायला निघालेले लोक शनिवार-रविवार बघतात, हॉटेल बघतात आणि समुद्राला विचारायचं राहून जातं. मग अलिबागच्या पुळणीवर भर भरतीत उभं राहून लांबूनच समोरच्या कुलाबा किल्ल्याचे फोटो काढायचे आणि परत फिरायचं. हे टाळायला दोन मिनिटांचं गणित पुरतं, आणि ते किनाऱ्यावर पूर्वापार चालत आलेलं आहे.

तिथीची पाऊणपट करा. जो आकडा येईल त्या वाजता साधारण पूर्ण भरती असते, आणि तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन: भरती तीनला, ओहोटी नऊला, एकदा पहाटेच्या बाजूला आणि एकदा दुपार-रात्रीच्या. पक्ष शुद्ध असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरा. गणितात सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात भरती बाराच्या जवळ असते, कारण अचूक हिशेब तिथीमागे ४८ मिनिटांचा आहे, ४५ चा नाही. शिवाय तिथीची क्षय-वृद्धी होते, ती भलत्याच वेळी लागते. त्यामुळे दिवस ठरवायला पाऊणकी वापरा, घड्याळ लावायला मात्र त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं छापील कोष्टक.

आता खरी मेख. अष्टमीला ओहोटी बरोबर बाराला येते. न्याहारी करून आरामात जाता येईल असं वाटतं. पण अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. कुलाब्याच्या वाटेवर ते ओहोटीलाही राहतं. उलट पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला खडक उघडे पडतात, पण ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. म्हणून चालत जायचं तर तृतीया ते पंचमी सर्वांत सोयीची: उधाणाचा जोर अजून शिल्लक असतो आणि ओहोटी सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान येते. दुपारच हवी असेल तर द्वादशी-त्रयोदशी, तीन ते पावणेचार.

कोष्टकात वेळेशेजारी पाण्याची उंची मीटरमध्ये दिलेली असते. तीही वाचा. ओहोटीचा आकडा एक मीटरच्या आत असेल तर निर्धास्त निघा. दोनच्या आसपास असेल तर चालण्याचा नाद सोडा आणि घोडागाडी किंवा होडी मिळते का ते विचारा. एकाच दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, तेव्हा सकाळचा आकडा पाहून संध्याकाळी जाऊ नका.

ओहोटी नऊची असेल तर साडेसातला पाण्याच्या मागोमाग चालायला लागा आणि दहाच्या आत किनाऱ्याला परत या. फसगत होते ती परतताना. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या जेमतेम बाराव्या हिश्शाने वाढतं, म्हणून वाटतं, अजून बराच वेळ आहे. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र निम्मी भरती होऊन जाते. अलिबागला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. त्यातले निम्मे दोन तासांत, म्हणजे पुरुषभर पाणी. पायात चपला नकोत. चिखलात रुततात आणि खडकावरच्या कालवांच्या शिंपल्या उघडा पाय ब्लेडसारख्या कापतात. टाचेला पट्टा असलेले, भिजले तरी चालतील असे सँडल घाला.

कुलाब्यात पोचलात की सिद्धिविनायकाचं देऊळ आणि जवळचा गोड्या पाण्याचा पुष्करणी तलाव होतोच. बहुतेक जण तिथूनच वळतात. उत्तरेच्या तटापर्यंत जा. तिथे गाड्यावरच्या दोन इंग्रजी बनावटीच्या तोफा आहेत.

जंजिऱ्याचं गणित वेगळं. तिथे चालत जाण्याचा प्रश्नच नाही. मुरूडजवळच्या राजपुरी धक्क्यावरून शिडाच्या होड्या सुटतात. इथे ओहोटीपेक्षा वारा महत्त्वाचा. उन्हाळ्यात दुपारी वायव्येचा वारा सुटला की पाणी खवळतं, होडी दरवाज्याच्या पायऱ्यांशी वरखाली होते आणि चढण्या-उतरण्याची ती दोन पावलं म्हाताऱ्यांना अवघड जातात. सकाळची पहिली-दुसरी फेरी गाठा. होडी टेकल्यावर लगेच उडी मारू नका. लाटेवर ती वर आली की खलाशी हात देतो, त्याच क्षणी पाऊल टाकायचं, खाली जाताना नाही. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी फेऱ्या थांबतात, तेव्हा तो दिवस शक्यतो टाळा. आत साधारण पाऊण तास मिळतो. २२ एकरांचा किल्ला तेवढ्यात पाहून होत नाही, म्हणून क्रम ठरवून जा: दारावरचा, पंजांत हत्ती धरलेला शरभ (दगडात कोरलेला काल्पनिक पशू), मग कलालबांगडी तोफ, मग गोड्या पाण्याचं तळं. बालेकिल्ला उरलेल्या वेळात. पाण्याची बाटली बरोबर ठेवा, चारी बाजूंनी पाणी असलं तरी.

जंजिऱ्याच्या तटावरून समुद्रात दिसतो तो पद्मदुर्ग, शिवाजी महाराजांनी सिद्दीच्या उरावर बांधलेला. तिथे नेमाने होड्या जात नाहीत. एखाद्या तांडेलाशी, म्हणजे होडीच्या प्रमुखाशी, आदल्या संध्याकाळी बोलून ठेवावं लागतं, आणि तो भरतीची वेळ सांगेल तीच खरी. गुडघाभर पाण्यात उतरावं लागेल. पण तट जवळून पाहा: खाऱ्या वाऱ्याने दगड बोटभर झिजून आत गेलेत आणि त्यांच्यामधला चुना तसाच उभा आहे, त्यामुळे सगळी भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते. आमच्या मते पाणकिल्ल्यांतलं पाहण्यासारखं हे एक नंबरचं.

मुरूडहून दक्षिणेला जाताना महाडमार्गे वळसा घेऊ नका. आगरदांड्याहून दिघीला गाडीसकट फेरीबोटीने जा, पुढे श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत बागमांडल्याहून वेश्वीला दुसरी बोट, तिथून केळशीमार्गे हर्णै. सुवर्णदुर्गाची होडी हर्णै बंदरातून मिळते. किल्ल्याला धक्का नाही, आत गवत-झुडपं माजलेली, म्हणून फुल पँट. दाराच्या पायरीवर कोरलेलं कासव आणि शेजारी भिंतीतला मारुती पाहून आत शिरा. १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने हा किल्ला आंग्ऱ्यांकडून घेतला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या १२ मराठा किल्ल्यांत सुवर्णदुर्ग आहे. सोबत खांदेरी, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गही आहेत.

सिंधुदुर्ग याच सहलीत कोंबू नका. कोकण रेल्वेने कुडाळला उतरून मालवणला जाणं सोपं, आणि त्याला वेगळे दोन दिवस द्या. तिथे भरती-ओहोटीतला फरक अलिबागच्या साधारण निम्मा, त्यामुळे तिथीची कटकट कमी. २५ नोव्हेंबर १६६४ ला पाया घातलेल्या या किल्ल्याचा दरवाजा होडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. शिवराजेश्वराचं देऊळ, चुन्यात उमटवलेले, शिवाजी महाराजांचे मानले जाणारे हाता-पायाचे ठसे आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या विहिरी एवढं नीट पाहायला तासभर हवा. होडीवाला किती वेळ थांबणार हे चढण्याआधी विचारून घ्या.

जून ते ऑगस्ट होड्या बंद असतात. पावसाळ्यात निघालात तर विजयदुर्ग निवडा, तो आता जमिनीने जोडलेला आहे आणि गाडी थेट वेशीपर्यंत जाते.