खिचडीनंतरचा गणिताचा तास जागा कसा ठेवायचा

मधली सुट्टी संपते, ताटं धुऊन होतात आणि मी सातवीच्या वर्गात शिरते. माढा तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पट 42, वर पत्रा, बाहेर ऑक्टोबरचं ऊन, पोरांच्या पोटात खिचडी. एकोणीस वर्षं हा तास माझ्याच वाट्याला येतोय, कारण वेळापत्रक लागतं तेव्हा मराठीच्या बाई मुख्याध्यापकांकडे माझ्या आधी पोचतात.

सुरुवातीला मी तासभर "लक्ष द्या रे, लक्ष द्या" म्हणत राहायचे. एकदा दुसऱ्या बाकावरच्या मुलीची वही उचलली, तर त्यात ताळ्याच्या खुणा. पाच-पाचाचे गठ्ठे करून नीट मोजलेलं, एकूण सतरा. बाई "लक्ष द्या" किती वेळा म्हणतात, ते! मी भडकले. घरी जाताना एसटीत डोक्यात आलं की पूर्ण तास जिचं लक्ष होतं अशी ती एकटीच. तिच्या हाताला काम होतं, बाकीच्यांना मी नुसतं ऐकायला बसवलं होतं.

म्हणून पहिली गोष्ट पाट्यांची. सातवीला पाटी म्हटल्यावर सगळे हसतात, पोरंही दोन दिवस हसली. घरात धाकट्या भावंडाची पाटी असतेच, शिवाय दहाएक मी कपाटात ठेवते. फळ्यावर गणित लिहायचं, प्रत्येकानं पाटीवर सोडवायचं आणि पाटी छातीशी पालथी धरायची. मी "दाखवा" म्हटलं की सगळ्या एकदम वर. एरवी हात वर करणारे तेच सहा-सात जण असतात आणि त्यांच्या उत्तरांवर आपण खूश होऊन पुढं जातो. इथं एका नजरेत 42 उत्तरं दिसतात. तीस पाट्यांवर एकच चूक असेल तर शिकवण्यात माझंच काहीतरी हुकलंय, पुन्हा सुरुवात. चार पाट्या चुकल्या असतील तर त्या चौघांच्या बाकापाशी जायचं. ज्यांचं लवकर होतं त्यांनी पाटीच्या मागच्या बाजूला तसलंच नवं गणित रचायचं, आणि त्यातलं एक मी पुढं खरंच फळ्यावर घेते. थुंकी लावून पाटी पुसणं पहिल्याच दिवशी बंद करा. दर बाकाला एक ओलं फडकं द्या.

दुसरं, प्रश्न आधी आणि नाव नंतर. आधी नाव घेतलं की उरलेले 41 जण सुटले म्हणून मागं टेकतात. मी बर्फाच्या कांड्यांच्या काड्यांवर हजेरी क्रमांक लिहून त्या बिस्किटाच्या डब्यात ठेवल्यात. प्रश्न विचारते, थांबते, मग काडी काढते. काढलेली काडी परत डब्यात टाकायची, नाहीतर ज्याचा नंबर येऊन गेला त्याची दिवसभराची सुट्टी. अडखळत बोलणारा एक मुलगा आहे, त्याची काडी निघाली की तो पाटी दाखवतो. हे आमच्या दोघांचं ठरलेलं आहे, वर्गाला कारण सांगायची गरज नाही.

त्यातलं "थांबते" हे सगळ्यात अवघड. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली आणि 1974 साली मांडलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंदांहून जास्त थांबलं की उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प असणारीही बोलतात. वर्गात तीन सेकंद फार मोठे वाटतात, स्वतःचंच उत्तर ओठावर येतं. मी तेवढ्यात मनात बेचा पाढा म्हणते, बे पंचे दहापर्यंत. तोवर कुणाकडं बघत नाही, बोटांवरचा खडू झटकत राहते.

तिसरी युक्ती पेंग आलेल्या दिवसासाठी. फळ्यावर मुद्दाम चुकीचं गणित सोडवायचं, चेहरा गंभीर ठेवून. मी एकदा लिहिलं, 3/4 + 2/5 = 5/9. अंशात अंश, छेदात छेद. निम्म्या वर्गानं उतरवूनही घेतलं. मग खिडकीजवळची एक पोरगी म्हणाली, "बाई, पाऊण भाकरीत अजून भाकरी घातली, आणि झाली अर्धीच्या थोडी वर?" नंतर 23/20 काढायला मला खडू हातात घ्यावा लागला नाही. पण हे आठवड्यातून एकदाच करा. रोज केलंत तर पोरं तुमच्या बरोबर गणितावरही शंका घेतात, आणि मग तास पुढं सरकत नाही.

गटात बसवण्याबद्दल शिक्षण परिषदेत फार सांगतात. सहा जणांच्या गटात दोघं काम करतात आणि चौघं दप्तराचे बंद ओढतात, हा माझा अनुभव. जोडी पुरते.

आणि जो झोपलाय त्याला आधी विचारा. आमच्याकडं शेतीची लाईट कित्येकदा रात्री येते आणि पोरं बापाबरोबर उसात दारं धरायला जातात. असा मुलगा डुलक्या घेत असेल तर मी त्याला दहा-पंधरा मिनिटं बाकावर डोकं टेकू देते, नंतर शेजारचा त्याला गणित समजावतो. समजावणाऱ्याचंही त्यात पक्कं होतं. उभं करणं, बाहेर काढणं, कान धरायला लावणं यानं झोप जाते, पण गणित येत नाही. शिवाय 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं मारायलाच नाही, मानसिक त्रास द्यायलाही मनाई केली आहे.

राहिला पावसाळा. पत्र्यावर सर कोसळली की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. पूर्वी मी ओरडून घसा बसवून घ्यायचे. आता फळ्यावर गणित लिहिते आणि हात वर करते, म्हणजे "सोडवा". हात खाली आला की पाट्या वर. चुकलेल्यापाशी जाऊन त्याच्याच पाटीवर लिहून दाखवते. सर थांबते तेव्हा पाचसहा गणितं झालेली असतात, आणि पुढची दोनेक मिनिटं पोरं उगाचच खुणांनी बोलत बसतात.