घटस्फोट ठरलाय आणि घरात मूल आहे, तर काय करायचं

शाळेत काउन्सेलर म्हणून काम करताना पालकांचा पहिला प्रश्न कायम हाच असतो, आम्ही वेगळे झालो तर पोराचं आयुष्य बरबाद होईल का. नाही होत. त्रास होतो, खूप होतो, पहिलं वर्ष-दोन वर्षं तर चांगलीच जड जातात, पण बहुतेक मुलं त्यातून बाहेर येतात. अमेरिकेत मेव्हिस हेदरिंग्टन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी व्हर्जिनियात अशा कुटुंबांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता, त्यात घटस्फोट झालेल्या घरांतल्या साधारण २० ते २५ टक्के मुलांना गंभीर मानसिक किंवा वागणुकीचे त्रास दिसले, आणि एकत्र असलेल्या घरांत हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे धोका दुप्पट होतो हे खरं, पण चारातली तीन मुलं नीट मार्गी लागतात हेही तितकंच खरं. आकडे तिकडचे आहेत, आपल्याकडे आजी-आजोबा, मामा, आत्या हे सगळं गणित वेगळं असतं, त्यावर पुढे बोलूच.

मग त्या एका मुलाचं बिनसतं कशाने? बऱ्याच अभ्यासांत एकच गोष्ट परत परत येते, आईबाबांचं न संपणारं भांडण. कागदावर घटस्फोट झाला तरी मुलावरून, पैशावरून, सुट्टीवरून चाललेली भांडणं. त्याच्या जोडीला घरातला पैसा अचानक कमी होणं, शाळा आणि घर एकदम बदलणं, एक पालक हळूहळू गायब होणं, आणि ज्याच्याकडे मूल आहे तो पालक स्वतःच खचलेला असणं. यातल्या निम्म्या गोष्टी तरी तुमच्या हातात आहेत, म्हणून हे लिहितेय.

मुलाला सांगायचं कसं

शक्यतो दोघांनी मिळून, एकाच वेळी, सगळ्या भावंडांना एकत्र बसवून. दुसऱ्या दिवशी परीक्षा किंवा शाळा नसेल असा दिवस बघा, शनिवार सकाळ चांगली. कोणीतरी घर सोडून जाणार असेल तर त्याच्या आधी थोडे दिवस सांगा, आदल्या रात्री नको आणि सहा महिने आधीही नको, कारण लहान मुलाला सहा महिने म्हणजे काय ते कळत नाही, ते रोज सकाळी उठून बाबा गेला का ते बघत बसतं.

काय बोलायचं? साधं. "आम्ही दोघांनी ठरवलंय की आता वेगवेगळ्या घरात राहायचं. आमचं दोघांचं जमत नाहीये. हे तुझ्यामुळे झालेलं नाही, तू काही केलंस म्हणून नाही आणि तू काही केलंस तर हे बदलणारही नाही. मी तुझी आईच राहणार, बाबा बाबाच राहणार." आणि मग लगेच रोजच्या गोष्टी सांगायच्या, तू कुठे झोपणार, शाळा तीच राहणार का, बस कुठून पकडायची, बाबा कधी भेटणार, मांजर कुणाकडे. मोठ्यांना वाटतं मूल विचारेल "का?", मुलं बऱ्याचदा विचारतात "माझा वाढदिवस कुठे होणार?" हा प्रश्न स्वार्थी वगैरे अजिबात नाही हं, पायाखाली जमीन आहे की नाही ते चाचपणं असतं ते.

कोणाचं अफेअर होतं, कोणी कुणाला मारलं, कोणी पैसे उडवले हे मुलाला सांगायचं नाही. ते मोठं झाल्यावर विचारेल तेव्हा त्याच्या वयाला झेपेल इतकं सांगा. अपवाद एकच, घरात मारहाण होत असेल आणि मुलाने ती पाहिलेली असेल तर "तसं काही नव्हतं" असं खोटं बोलू नका. मारणं चूक होतं, आता आपण सुरक्षित आहोत, एवढं स्पष्ट सांगा. आणि अशा घरात "दोघांनी मिळून सांगा" हा सल्लाही लागू होत नाही.

आणि एकदा सांगून भागत नाही. मूल पुन्हा पुन्हा तेच विचारेल, गाडीत, आंघोळीच्या वेळी, झोपताना. प्रत्येक वेळी तेच उत्तर, त्याच शांतपणे.

वयाप्रमाणे काय दिसतं

चार-पाच वर्षांपर्यंतची मुलं मागे जातात, म्हणजे सुटलेलं अंथरुण ओलं करणं परत सुरू होतं, अंगठा तोंडात जातो, आई बाथरूमला गेली तरी रडारड. रागावू नका, झोपायची वेळ, गोष्ट, जेवण एवढं घड्याळासारखं ठेवा, काही आठवड्यांत सावरतात. सहा ते आठ वर्षांच्या मुलांना सगळ्यात जास्त वाटतं की हे माझ्यामुळे झालं, मी हट्ट केला, मी दूध सांडलं. शिवाय आईबाबा परत एकत्र येतील ही आशा ते फार काळ धरून ठेवतात, त्यामुळे "बघू, होईल काहीतरी" अशी अर्धवट उत्तरं देऊ नका. नऊ ते बारा या वयात राग येतो आणि मूल एक बाजू पकडतं, एक पालक हिरो आणि दुसरा व्हिलन, आणि सोबत पोटदुखी डोकेदुखी, डॉक्टर म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहेत. दुखणं खरं असतं बरं का, नाटक म्हणून हिणवू नका.

टीनएजर गप्प होतात. किंवा एकदम शहाणे होतात, आणि या शहाण्यांची मला जास्त काळजी वाटते. आईचं रडणं पुसणारी, धाकट्याचा डबा भरणारी, "मी आहे ना आई" म्हणणारी पंधरा वर्षांची मुलगी सगळ्या नातेवाइकांना कौतुकाची वाटते, पण ती आईची आई झालेली असते आणि तिचं स्वतःचं दुःख कुठेच निघत नाही. कामात मदत जरूर घ्या. मन मोकळं करायला मात्र बहीण, मैत्रीण, काउन्सेलर कोणीही शोधा, मुलगी नको.

मुलाच्या हातून निरोप पाठवू नका

ही एक गोष्ट पाळली तरी अर्धं काम झालं असं मी प्रत्येक पालकाला सांगते. चौथीतला एक मुलगा होता, आईने त्याच्या दप्तरात फीची स्लिप ठेवली आणि सांगितलं रविवारी बाबांना दे. रविवारी बाबा खुश होते, दोघं पिक्चरला गेले, पावभाजी खाल्ली, आणि या पोराने स्लिप काढलीच नाही कारण फीचं नाव काढलं की बाबांचा मूड जातो हे त्याला माहीत होतं. संध्याकाळी आईने विचारलं दिलीस का, तो म्हणाला हो. सोमवारी माझ्याकडे आला तेव्हा ती स्लिप बारीक घडी करून कंपासपेटीत लपवलेली होती आणि त्याला वाटत होतं की आता त्याला शाळेतून काढणार. नऊ वर्षांचं पोर! दोन्ही पालक वाईट होते का, अजिबात नाही, दोघांनाही एकमेकांना मेसेज करायचा कंटाळा होता इतकंच.

तर पैसे, फी, वेळा, औषधं हे सगळं मोठ्यांनी मोठ्यांशी. बोलणं होत नसेल तर ईमेल करा, नाहीतर फक्त मुलाच्या विषयासाठी व्हॉट्सऍपवर वेगळा ग्रुप ठेवा, त्यात जुनं काही उकरायचं नाही, "शुक्रवारी ताप होता, क्रोसिन दिलीय, सहाला आणायला ये" एवढंच.

याचाच दुसरा भाग म्हणजे हेरगिरी. मूल रविवारी परत आलं की चपला काढायच्या आत सुरू होतं, काय खाल्लंस, कोण कोण होतं, ती होती का तिथे, आजी काय म्हणाली माझ्याबद्दल. मूल दोन-तीन वेळात शिकतं की तिकडची मजा इकडे सांगायची नाही आणि इकडचं तिकडे नाही. पुढे ते कुणालाच काही सांगत नाही. त्यापेक्षा परत आल्यावर अर्धा तास काही विचारूच नका, खायला द्या, त्याला हवं ते करू द्या. त्या संध्याकाळी चिडचिड होतेच, एका घरातून दुसऱ्या घरात मन यायला वेळ लागतो, त्यावरून लगेच "बघा तिकडे जाऊन बिघडून येतो" असा निष्कर्ष काढू नका.

कोर्ट, ताबा, भेटी

संमतीने घटस्फोट असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब प्रमाणे पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, २०१७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की योग्य केसमध्ये हा काळ माफ होऊ शकतो. वकील बहुतेक लवकर संपवायच्या मागे असतात, पण मूल असेल तर या महिन्यांचा उपयोग करा, दोन घरांची सवय लावून बघा, शनिवार-रविवार जमतोय का, शाळेच्या दिवशी कुठून सोपं पडतं. ट्राय करून मग कागदावर लिहिलेलं जास्त टिकतं.

आपल्या कायद्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे देतात, पण सगळ्यात वर मुलाचं हित, आईचा हक्क की बापाचा हक्क ते नंतर. मूल समजत्या वयाचं असेल तर कोर्ट त्याची इच्छा विचारात घेऊ शकतं, जज बऱ्याचदा चेंबरमध्ये एकट्याशी बोलतात. तेव्हा पढवून पाठवू नका. पढवलेलं कळतं, आणि न कळलं तरी त्या मुलाला आयुष्यभर वाटत राहतं की मी बाबाच्या विरोधात बोललो. त्याला एवढंच सांगा, जे खरं वाटतं ते बोल, निर्णय जजसाहेब घेणार, तुझ्यावर काही नाही.

फॅमिली कोर्टात मॅरेज काउन्सेलर असतात, त्यांच्यापुढे भेटींचं वेळापत्रक नीट लिहून घ्या. नुसतं "दर पंधरा दिवसांनी" असं मोघम नको. मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी कशी, गणपतीत कोकणात गावी कोण नेणार, दिवाळीत पाडवा कुठे आणि भाऊबीज कुठे, आजारी पडलं तर भेट कधी भरून काढायची, परदेशात असलेल्या पालकाचा व्हिडिओ कॉल कुठल्या वारी किती वाजता, पासपोर्ट कुणाकडे. भांडणं याच गोष्टींवरून होतात. आणि मुलांच्या ताब्याबद्दल, भेटींबद्दल कोर्टाने दिलेले आदेश कायमचे दगडावर कोरलेले नसतात, परिस्थिती बदलली की कोर्टाकडे बदल मागता येतो, त्यामुळे आजच सगळं जिंकायचंय अशा त्वेषाने उतरू नका.

भेट ठरली की पाळा. न येणारा बाप किंवा आई हा मुलासाठी रोज नव्याने होणारा घटस्फोट आहे. बूट घालून खिडकीत बसलेलं मूल आणि सव्वा तासाने आलेला "आज जमत नाही" मेसेज, हे फार खोल जातं.

आजी-आजोबा आणि बाकीचे

आपल्याकडची ही मोठी ताकद आहे. आई नोकरीला गेली तरी घरी गरम जेवण आणि कुणीतरी वाट बघणारं असतं, हे खूप मोठं आहे. पण नुकसानही इथूनच होतं. "बिचारं पोर", "बापावर गेलाय अगदी", "तुझ्या आईनेच घर मोडलं" ही वाक्यं जेवताना सहज पडतात. मुलाला माहीत असतं की मी अर्धा आईचा अर्धा बाबाचा, त्यामुळे बाबा वाईट असेल तर मीही अर्धा वाईट, असं त्याचं साधं गणित होतं. आजीला प्रेमाने पण स्पष्ट सांगा, "आई, तुला राग येणं बरोबर आहे, पण त्याच्यासमोर नको." दोन्हीकडचे आजी-आजोबा तुटू देऊ नका, मुंज, बारसं, लग्न यात दुसऱ्या बाजूचं आमंत्रण आलं तर मुलाला जाऊ द्या.

शाळेत काय सांगायचं

वर्गशिक्षिकेला आणि काउन्सेलर असेल तर तिला, थोडक्यात सांगाच. कारणं नकोत, फक्त मूल सध्या कुठे राहतं, न्यायला कोण येऊ शकतं, नोटीस आणि रिझल्ट दोघांनाही पाठवा, पालकसभेला दोघं वेगवेगळ्या वेळी येऊ. शिक्षकांना विनंती, "माझं कुटुंब" निबंध किंवा फॅमिली ट्री देताना दोन घरं काढली तरी चालतील असं सगळ्या वर्गाला सहज सांगून टाका, एका मुलाला बाजूला बोलावून नको. आईने माहेरचं आडनाव परत लावलं असेल तर मुलाला वर्गात विचारणा होते, त्याला घरी एक छोटं उत्तर तयार करून द्या, "आईचं नाव वेगळं आहे, काही घरांत असतं." बास.

बाहेरची मदत कधी घ्यायची

झोप, भूक, मार्क, मित्र यातलं काहीतरी बिघडून महिना-दीड महिना तसंच राहिलं, मूल सतत रडतंय किंवा मारामाऱ्या करतंय, शाळेला जायचं नावच घेत नाही, तर चाइल्ड सायकॉलॉजिस्टकडे जा. लहान मुलांसाठी प्ले थेरपी असते, खेळण्यातून चित्रांतून ती बोलतात. मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग असतो, खिशाला परवडतो. मरण्याबद्दल बोलणं, स्वतःला इजा करणं दिसलं तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, हा फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आहेच.

आणि तुम्ही स्वतःही मदत घ्या. अमेरिकेत ऍरिझोनात घटस्फोट झालेल्या पालकांसाठी न्यू बिगिनिंग्ज नावाचा एक कोर्स तयार केला गेला, त्यात शिकवलं पालकांना, मुलाचं ऐकून कसं घ्यायचं, शिस्त सारखी कशी ठेवायची, भांडणापासून त्याला लांब कसं ठेवायचं, आणि फायदा मुलांमध्ये पुढे कित्येक वर्षं दिसला. घरी सुरुवात करायची तर रोज पंधरा मिनिटं मोबाईल बाजूला ठेवून मूल म्हणेल ते खेळायचं, आणि दोन्ही घरांत झोपायची वेळ, स्क्रीन आणि अभ्यास एवढे तीन नियम तरी सारखे ठेवायचे.

नवीन माणूस आयुष्यात आलं तर

घाई नको. नातं पक्कं होईपर्यंत मुलाशी ओळख करून देऊ नका, कारण मूल जीव लावतं आणि ते माणूस गेलं की परत एक तुटणं. ओळख करून द्यायची तेव्हा बाहेर, बागेत नाहीतर हॉटेलात, तासाभराची. दुसऱ्या पालकाला ही बातमी मुलाकडून कळू देऊ नका, आधी तुम्ही सांगा. लगेच "बाबा म्हण" किंवा "मम्मी म्हण" असा आग्रह करू नका, काका, मावशी किंवा नुसतं नाव चालतं, काय हाक मारायची ते मुलालाच विचारा आणि पुढे त्याने ती बदलली तर बदलू द्या.