उघडीप लांबली की ज्वारीत ढोरं सोडू नका

पावसानं दडी मारली, ज्वारी गुडघ्याएवढीच राहून सुकायला लागली, की "आता हिचं काय होणार, ढोरं तरी खातील" असं मनात येतंच. पण नेमकी तेव्हाच ती सगळ्यात विषारी असते.

ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरीन नावाचं द्रव्य असतं. पान चावलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जिवाणू या कामाला आणखी जोर देतात. रक्तात प्राणवायू असतो, पण शरीराच्या पेशींना तो वापरताच येत नाही. म्हणून हिरड्या आणि पापणीची आतली बाजू लालभडक दिसते. जनावर तोंड उघडून धापा टाकतं, झोकांड्या खातं, फेस गाळतं, पडून पाय झाडतं. भुकेल्या जनावरानं अधाशासारखं खाल्लं असेल तर पंधरा-वीस मिनिटांतही जीव जातो. गुळाचं पाणी, ताक यात वेळ घालवू नका.

पेरणीपासून साधारण ५० दिवस, म्हणजे फुलोऱ्यापर्यंत, हिरवी ज्वारी देऊ नये. कापणीनंतर बुडख्याला फुटणारे धुमारेही तितकेच वाईट. आपल्याकडे कापणी झाली की वावर मोकळं समजून ढोरं सोडतात, आणि घात तिथेच होतो. रानडुकरांच्या त्रासानं ज्वारी आता धुऱ्याकाठी चाऱ्यापुरतीच उरली असली, तरी तेवढे दोन तासही (ओळीही) पुरतात. चांगला वाळलेल्या कडब्यात मात्र या सायनाइडची भीती नाही.

युरिया भरपूर टाकलेल्या आणि पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारी-मक्यात दुसरा धोका असतो, नायट्रेटचा. तो वाळवल्यानं जात नाही. त्यात रक्त चॉकलेटी होतं. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत: सायनाइडला सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात, नायट्रेटला मिथिलीन ब्लू. नायट्रेटच्या विषबाधेत नायट्राइट दिलं तर उलट नुकसान होतं. म्हणून फोनवर "ढोर पडलं" एवढंच सांगू नका. काय खाल्लं, पीक किती दिवसांचं, युरिया कधी टाकला, हिरड्यांचा रंग कसा, हे सगळं सांगा, म्हणजे डॉक्टर योग्य औषध घेऊनच निघतील. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

नाल्याकाठच्या बेशरमच्या झुडपांकडे शेळ्या चाऱ्याची टंचाई असली की वळतात, आणि एकदा चटक लागली की सोडत नाहीत. त्यातल्या स्वेन्सोनाइनमुळे पुढे मान डुलते, मागचे पाय लटपटतात. घाणेरीच्या झुडपातल्या लँटाडीनमुळे यकृत बिघडतं, कावीळ होते, आणि उन्हात गेल्यावर नाकपुडी-कानांची कातडी सोलते. असं जनावर आधी सावलीत बांधा.

चरायला सोडण्याआधी गोठ्यात कुटार (मळणीनंतरचा भुसा) किंवा कडबा घालून पोट अर्धं भरू द्या.