घरचा रिपीटर लावण्याआधी

रिपीटर म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून तेच लगेच दुसरीवर जोरात पुढे पाठवणारा रेडिओ. अमेरिकेत घरच्यांसाठी त्याचा सोपा मार्ग म्हणजे जीएमआरएस, परवान्यावर चालणारी वॉकीटॉकीसारखी रेडिओ सेवा. आधी परवाना. एफसीसीच्या (तिथल्या दळणवळणाच्या सरकारी संस्थेच्या) साइटवर अर्ज करायचा, ३५ डॉलर भरायचे, परीक्षा नाही, १० वर्षं बघायला नको. वय १८ पूर्ण हवं. त्याच परवान्यावर नवरा-बायको, मुलं, नातवंडं, आईवडील, आजीआजोबा, भाऊबहीण, काका-मामा, भाचे-पुतणे, सासरची माणसं बोलू शकतात. चुलत आणि मामे भावंडं त्या यादीत नाहीत. आपल्यात चुलतभाऊ हा भाऊच, पण नियम तसं मानत नाही. त्याने वेगळा परवाना काढावा.

काहीही विकत घेण्याआधी चॅनेल ठरवा. बोलण्या-ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सींच्या जोड्या ८ आहेत. रिपीटर ४६२.५५० ते ४६२.७२५ मेगाहर्ट्झमध्ये बोलतो आणि त्याहून ५ मेगाहर्ट्झ वर ऐकतो. काही दिवस नुसतं ऐका. ज्या जोडीवर कुणी आधीच बसलंय ती सोडा. टोन (आपले सेट ओळखायचा सूर) वेगळा ठेवला तरी लहरी एकमेकांवर आदळायच्या त्या आदळतातच. डेट्रॉइट किंवा बफेलोकडे राहत असाल तर तुम्ही ‘लाइन ए’च्या (कॅनडाच्या सीमेलगत आखलेल्या रेषेच्या) उत्तरेला आहात, तिथे ४६२.६५० आणि ४६२.७०० वापरण्याआधी एफसीसीचा सध्याचा नियम बघा.

जोडी ठरली की डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर बोलणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा फिल्टर) नेमक्या त्याच जोडीवर ट्यून करून घ्या. हे राहिलं की महागात पडतं. ‘यूएचएफला (या सगळ्या पट्ट्याला) चालतो’ हे विक्रेत्याचं उत्तर घेऊ नका. तुमच्या दोन फ्रिक्वेन्सी लिहून द्या आणि ट्यूनिंगचा आलेख मागा. एकाच अँटेनावर बोलणं आणि ऐकणं चाललेलं असतं; ट्यूनिंग चुकलं की रिपीटर स्वतःच्याच आवाजाने बहिरा होतो. अंगणातून तपासलंत तर सगळं छान वाटेल. लांबचा हँडसेट मात्र रिपीटर उघडतो (जागा करतो), ट्रान्समीटर सुरू होताच खरखरीत बुडतो, रिपीटर बंद पडतो, पुन्हा उघडतो. अशा वेळी अँटेना बदलू नका, वॅट वाढवू नका. आधी डुप्लेक्सर! तपासणी अंगणातून नको, कमकुवत सिग्नलवर करा: ट्रान्समीटर बंद ठेवून ऐका, मग चालू करून ऐका. फरक पडला तर डुप्लेक्सर परत ट्यूनिंगला.

केबलवर कंजुषी नको. १०० फूट आरजी-५८ लावलीत तर ५० वॅटमधले बहुतेक वाटेतच जिरतात. एलएमआर-४०० एरवी चांगली, पण तिच्यातली फॉइल आणि जाळी रिपीटरवर खरखर करू शकते. जमलं तर हार्डलाइनच (अखंड धातूच्या आवरणाची जाड केबल) घ्या.

कमाल ५० वॅट. गाडीत बसवायचे दोन रेडिओ सेट जोडून रिपीटर केला असेल तर १०-१५ वॅटवर ठेवा, पंखा लावा. सतत बोलून सेट तापतात.

दर १५ मिनिटांनी आणि बोलणं संपताना कॉल साइन (परवान्यावरचं ओळखचिन्ह) सांगायची. फक्त घरचेच वापरत असतील आणि आपापली सांगत असतील तर रिपीटरने वेगळी सांगावी लागत नाही. शेजाऱ्यांना त्यांच्या परवान्यावर वापरू दिलंत तर मोर्सचा आयडी लावा, म्हणजे रिपीटर स्वतःच मोर्समध्ये कॉल साइन पाठवेल.

बाकी भराभर: अर्थिंग, वीज अडवणारा अरेस्टर, टाइमआउट टायमर (फार वेळ चालू राहिला तर ट्रान्समीटर बंद करणारा), बॅटरी. टेलिफोनला जोडायचं नाही, इंटरनेटवरून दुसऱ्या रिपीटरला तर नाहीच. हौसिंग असोसिएशनची परवानगी लेखी घ्या. डुप्लेक्सरचा आलेख रिपीटरच्या खोक्यातच चिकटवा. आणि सुट्टीत भारतात जाताना हे सेट बॅगेत टाकू नका, हा परवाना तिथे चालत नाही.