खिशातला चाकू खोलण्याआधी

उघडणं वेगळं आणि खोलणं वेगळं. पातं बाहेर काढलं की चाकू उघडला. स्क्रू काढून वायसर, पट्ट्या, स्प्रिंग टेबलावर मांडली की खोलला. पहिल्याला अंगठा पुरतो. दुसऱ्याला आधी वॉरंटीचा कागद शोधावा लागतो, आणि तो बहुतेकांच्या घरी डब्यासकट रद्दीत गेलेला असतो. म्हणून तयारी कागदापासूनच.

बिल आणि वॉरंटीचं कार्ड सापडलं तर आधी मोबाइलवर दोन्हींचा फोटो काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात कोरं होतं. मग कार्ड नीट वाचा. ‘लाइफटाइम’ या शब्दाला भुलू नका. त्यात माल आणि घडण यांचे दोष येतात. झीज, गंज, गैरवापर येत नाही. खोलण्याबद्दल प्रत्येक कंपनीचा कायदा निराळा. क्रिस रीव्हसारखी अमेरिकन कंपनी गिऱ्हाइकानं चाकू खोलून पुसावा असंच धरून चालते आणि सोबत पानाही देते. काही कंपन्या बिजागरीचा स्क्रू आवळू देतात, पण सुटे भाग केलेले चालत नाहीत. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचा लाल चाकू तर पितळी रिबिटांवर बसवलेला, त्यात काढायला स्क्रूच नाही. फ्रेंच ओपिनेललाही बिजागरी रिबिटाचीच. कार्डावर स्पष्ट नसेल तर कंपनीला दोन ओळींचा मेल टाका: ‘बिजागरीचा स्क्रू मी आवळला तर चालेल का? पूर्ण खोलला तर?’ आलेलं उत्तर जपून ठेवा. दुकानदार तोंडानं ‘काय होत न्हाय वो, खोला’ म्हणतो, त्या शब्दावर वॉरंटी मिळत नाही.

कागद झाला की दुखणं ओळखायचं. इथं घाई करू नका, कारण निम्मी माणसं चुकीच्या दुखण्यासाठी चाकू खोलतात. पातं उघडून मूठ घट्ट धरा आणि पात्याची पाठ चिमटीत पकडून डावी-उजवीकडे हलवा. असं हलत असेल तर बिजागरी ढिली झालीय. तो स्क्रू किंचित आवळला की काम झालं, खोलायची गरज नाही. आता पातं वर-खाली दाबून बघा. तसं हलत असेल तर स्क्रू कितीही आवळा, फरक पडणार नाही. तो दोष लॉकच्या (उघडलेलं पातं अडवून धरणाऱ्या खिट्टीच्या) टेकण्यात नाहीतर पात्याच्या थांब्याच्या पिनेत असतो, आणि तो कंपनीचा. उगाच आवळत बसलात तर पातं जड होईल आणि मूळ दोष तसाच राहील. (पाठीला लॉक असणाऱ्या जुन्या घडणीच्या चाकूत केसभर वर-खाली हालचाल असायचीच, ती मनावर घेऊ नका.)

आत वाकणारी पट्टी लॉकचं काम करते तो लायनर लॉक. पातं उघडल्यावर ती पट्टी पात्याच्या बुडावर कुठं टेकते ते भिंगातून बघा. पाव ते निम्म्या रुंदीवर टेकत असेल तर ठीक. सरकत सरकत पार पलीकडच्या कडेला गेली असेल तर झीज झालीय. मग बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याच्या पाठीवर तळहातानं हळूहळू दाब द्या. लॉक सुटलं तर तिथंच थांबा आणि चाकू पाठवून द्या. पट्टी पक्कडीनं वाकवून ‘सेट’ करणारे मी बघितलेत. त्यातल्या एकाच्या तर्जनीला टाके पडले. उलट लॉक सुटतच नसेल, अंगठ्यानं ढकलायला जोर लागत असेल, तर पट्टी जिथं टेकते तिथं पात्याच्या बुडाला पेन्सिलीचं शिसं घासा. बऱ्याचदा तेवढ्यानंच भागतं.

पातं खरखरत उघडत असेल तर ते दुखणं नव्हे, मळ. आमच्याकडं सांगलीत तर हमखास. मार्केट यार्डात पोत्याची सुतळी कापायला निघालेला चाकू संध्याकाळपर्यंत हळदीनं पिवळा होतो. तासगावकडच्या बागेत त्याला द्राक्षाचा रस आणि फवारणीचं बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं पाणी, लागतं. मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला की तांबूस थर चढतो, हे शाळेतल्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी बघितलंय. बोर्डोत चुना कमी पडला तर साध्या कार्बन पोलादाच्या पात्यावरही तेच होतं, आणि त्या डागाखाली गंज धरतो. तेव्हा खोलण्याचा विचार करण्याआधी धुवा. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, जुना दातांचा ब्रश. पाण्यातच पातं दहा-पंधरा वेळा उघडमीट करा. बिजागरीतून पिवळं पाणी निघतं ते बघण्यासारखं असतं. व्हिक्टोरिनॉक्सवालेही कोमट पाण्यात उघडमीट करून, वाळवून, तेल द्यायलाच सांगतात. लाकडी मुठीचा ओपिनेल मात्र पाण्यात बुडवू नका. लाकूड फुगतं आणि पातं आत अडकून बसतं. तसं झालंच तर मुठीचं बूड टणक जागी ठोकलं की पात्याचं टोक डोकावतं. त्या कंपनीच्या मुलखात, फ्रान्सच्या साव्हुआ भागात, हीच जुनी युक्ती.

धुतल्यावर उन्हात नव्हे, पंख्याखाली वाळवा आणि मग तेल. शिलाई मशीनचं तेल सगळ्यात सोपं, एक थेंब, सुईच्या टोकावरून बिजागरीच्या दोन्ही अंगांना. त्याच चाकूनं पेरू-काकडी चिरत असाल तर मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणा. बद्धकोष्ठाला देतात तेच, पोटात गेलं तरी बिघडत नाही. खोबरेल घालू नका. साधारण 24 अंशांखाली ते थिजतं, आणि पौषातल्या सकाळी बागेत चाकू काढला तर पातं हलत नाही. शेंगतेल, करडीचं तेल काही महिन्यांत चिकट डिंकासारखं होतं. एवढं करूनही खरखर राहिली तरच पुढचं वाचा. बहुतेकांना इथंच थांबता येईल.

आता पाना. या चाकूंचे स्क्रू बहुधा टॉर्क्स जातीचे, म्हणजे सहा पाकळ्यांच्या चांदणीच्या खाचेचे. आपल्याकडं त्याला सरळ ‘स्टार’ म्हणतात. खिशात अडकवायच्या क्लिपेला आणि मुठीला टी-6 किंवा टी-8, बिजागरीला टी-8 किंवा टी-10 हे नेहमीचे. मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या किटात टी-5, टी-6 असतात, पण बिजागरीला लागणारा मोठा नंबर मिळेलच असं नाही. गणपती पेठेत हार्डवेअरच्या दुकानात जाताना चाकूच सोबत न्या. बिट, म्हणजे पान्याचं टोक, खाचेत घालून सोडा. ते न डुलता सरळ उभं राहिलं पाहिजे. डुललं तर नंबर चुकला किंवा बिट हलकं आहे. खाचेच्या मध्ये बारीक टोक दिसत असेल तर तो सुरक्षा स्क्रू, त्याला भोकाचं बिट लागतं. आणि असा स्क्रू लावणाऱ्याची इच्छा तुम्ही तो काढू नये हीच असते, हेही समजून घ्या.

हे सगळं मी पैसे मोजून शिकलोय. माझ्या पहिल्या चांगल्या चाकूची बिजागरी ढिली झाली. घरात स्टारचा पाना नव्हता, सायकलच्या संचातली षट्कोनी एलन की खाचेत बसली. बसली म्हणजे काय, घुसली. एक गिरकी फिरली, दुसऱ्या गिरकीला ‘कर्र’ झालं आणि सहा पाकळ्यांची गोल वाटी झाली. स्क्रूच्या कडेला चमकदार पांढरी किनार उठली होती, नखाला लागत होती. मी चाकू कंपनीकडं पाठवला, तो दोन महिन्यांनी तसाच परत आला, सोबत एका ओळीची चिठ्ठी: स्क्रूवर छेडछाडीची खूण आहे. भांडायला जागाच नव्हती. तिथं चाकू तपासणारा माणूस पहिल्यांदा स्क्रूचं डोकं बघतो, मग उरलेला चाकू. तसंच धारेचं. चाकवाल्याकडून कोरड्या ग्राइंडरवर धार लावून घेतली आणि पात्याच्या कडेला निळसर पट्टा आला, तर पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरलं आणि वॉरंटीही गेली.

पाना मिळाला, परवानगीही आहे, तर बसायची जागा तयार करा. पंखा बंद. खाली पांढरा टॉवेल, कारण फरशीवर पडलेला टी-6 चा स्क्रू टुणकन उडून कपाटाखाली जातो. पात्याच्या धारेवर इन्सुलेशन टेप. जवळ लोहचुंबक, टॉर्च, दातकोरणी, जुनी बनियनची चिंधी. आणि अप्पेपात्र. हसू नका, याच्याइतकी सोयीची वस्तू नाही. पहिल्या खाचेत क्लिपेचे स्क्रू, दुसरीत मुठीचे, तिसरीत वायसर, काढाल त्या क्रमानं. स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबी वेगळी असते. लांबडा चुकीच्या भोकात गेला तर आतून पात्याला घासतो. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. वायसरची कुठली बाजू वर होती हे संध्याकाळी आठवत नाही.

नुसतं आवळायचं असेल तर एका वेळी घड्याळातल्या पाच मिनिटांएवढंच फिरवा, मग पातं उघडमीट करून बघा, मग पुन्हा. समोरच्या बाजूचा स्क्रूही सोबत फिरत असेल तर दोन्हीकडून दोन पाने धरावे लागतात. मिटल्यावर पातं मधोमध न येता एका अंगाला झुकतंय पण घासत नाहीये, तर माझं मत, सोडून द्या. स्क्रू हलतच नसेल तर आत निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा डिंक, असेल. डोक्याला दोन-तीन मिनिटं हेअर ड्रायरची गरम हवा द्या आणि बिटावर वरून दाब ठेवून फिरवा. तरीही नाही, म्हणजे लाल जातीचं असावं. त्याला 250 अंशांच्या आसपास तापवावं लागतं. तेवढ्या उष्णतेनं प्लॅस्टिकची मूठ वितळेल आणि पात्याचं पाणीही जाऊ शकतं. तो नाद सोडा, कंपनीकडं पाठवा.

पूर्ण खोलायचा तर क्लिप आधी, मग मुठीचे स्क्रू, बिजागरी शेवटी. बटणाच्या किंवा झटका देणाऱ्या स्प्रिंगच्या चाकूंना हात लावू नका. बेरिंगवाला असेल तर पट्टी उचलताना चाकू आडवाच ठेवा. पिंजऱ्यात बसलेले छर्रे सहसा पडत नाहीत, पण सुटे असले तर वाळूच्या कणासारखे पसरतात. कांस्याचे वायसर चिंधीनं पुसा, घासकागद लावू नका.

जोडताना उलटा क्रम. बिजागरी आधी हलकी बसवा, मुठीचे स्क्रू बोटाच्या जोरानं, पातं फिरवून बघा, मग सगळे थोडे थोडे आवळा. मुठीच्या स्क्रूंच्या आट्यांना दातकोरणीच्या टोकाएवढंच निळं थ्रेडलॉकर, तेही आटे स्पिरिटनं पुसल्यावर. तेलकट आट्यांवर ते धरत नाही. बिजागरीच्या नळीला ते लागलं तर पातंच चिकटेल, म्हणून तिथं हात आवरा. पूर्ण धरायला 24 तास लागतात, तोवर चाकू खिशात नको. अप्पेपात्र मात्र लगेच, साबणानं दोनदा धुऊन ओट्यावर ठेवा. त्याला मशीनच्या तेलाचा वास आला तर आईकडची वॉरंटी तुमची तुम्ही बघून घ्या.